शेशबस्सर: मोजून घेतलेली भांडी आणि हरवलेले नाव



मागच्या महिन्यात रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही एज्राचे पुस्तक वाचायला घेतले. आठवीतली एक मुलगी मोठ्याने पहिला अध्याय वाचत होती. एका नावापाशी ती अडखळली. 'शे... शेश... शेशबस्सर.' वर्गात खसखस पिकली. मीही हसलो. वाचन संपल्यावर तिने विचारले, "सर, ह्या शेशबस्सरचं पुढे काय झालं?"

मी नेहमीचे शिक्षकी उत्तर दिले, "पुढच्या अध्यायात कळेल." घरी येऊन पुढचा अध्याय उघडला, तर त्यात तो नव्हता. त्याच्या पुढच्या दोन अध्यायांतही नव्हता. इतकी वर्षे मी मुलांना बायबल शिकवतो आहे, पण या माणसाचे पुढे काय झाले हे आपण कधी विचारलेच नाही, हे त्या दिवशी ध्यानात आले. म्हणून हा लेख त्या मुलीच्या प्रश्नासाठी आहे. उत्तर शोधता शोधता माझीच एक जुनी चूक वर आली. तीही शेवटी सांगतो.

भांड्यांचा प्रवास

शेशबस्सर आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो भांडी ताब्यात घेताना. म्हणून आधी त्या भांड्यांची हकीकत पाहू.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले. तरुण राजा यहोयाखीन, त्याची आई, सरदार, कारागीर असे हजारो लोक बंदिवान करून नेले, आणि मंदिराचा खजिनाही नेला. पुढे दहा-अकरा वर्षांनी पुन्हा उठाव झाला. तेव्हा शहर जाळले गेले, शलमोनाचे मंदिर पाडले गेले, पितळेचे मोठे खांब फोडून नेले गेले आणि उरलीसुरली भांडीही बाबेलला गेली.

या दोन घटनांच्या मधल्या काळात यरुशलेमात एक वाद झाला. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने लोकांना सांगितले की दोन वर्षांत सगळी भांडी परत येतील. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मया म्हणाला, तसे होणार नाही. देव आठवण करीपर्यंत भांडी बाबेलातच राहतील. हनन्या त्याच वर्षी मरण पावला आणि भांडी दोन वर्षांत आली नाहीत. त्यांना परत यायला सुमारे पंचावन्न वर्षे लागली. मधल्या काळात बेलशस्सर राजाने मेजवानीत ती भांडी दारू प्यायला काढली, आणि भिंतीवर लिहिणारा हात दिसला, ही दानीएलच्या पुस्तकातली गोष्ट आपल्या मुलांना तोंडपाठ असते.

जिंकलेल्या लोकांच्या देवाची मूर्ती उचलून आपल्या देवळात नेऊन ठेवायची, ही त्या काळच्या राजांची रीत होती. यहूदी लोकांकडे मूर्ती नव्हती. त्यांच्याकडून नेण्यासारखी होती ती ही भांडी. म्हणून ती परत येणे म्हणजे नुसते सोने-रुपे परत येणे नव्हते.

मोजून दिले, मोजून घेतले

इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश बाबेलात शिरला. पुढच्या वर्षी त्याने यहूदी लोकांना परत जाऊन मंदिर बांधण्याची परवानगी दिली. बाबेलच्या उत्खननात १८७९ मध्ये कोरेशाच्या नावाचा मातीचा एक लेख सापडला. तो जेमतेम वीतभर लांबीचा, लाटण्यासारखा गोल आहे. २०१३च्या अखेरीस तो लंडनहून आणून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहायला ठेवला होता. त्यात यहूदी लोकांचे नाव नाही. पण निरनिराळ्या नगरांचे देव आपण त्यांच्या त्यांच्या ठिकाणी परत पाठवले, असे राजा त्यात सांगतो. म्हणजे बायबलमधली परवानगी त्या राजाच्या धोरणाला धरूनच होती.

एज्राचे पुस्तक सांगते की कोरेशाने मिथ्रदाथ नावाच्या आपल्या खजिनदाराकडून मंदिराची भांडी बाहेर काढवली आणि यहूदाचा सरदार शेशबस्सर याला मोजून दिली. पुढे यादीच दिली आहे. सोन्याची ताटे ३०, रुप्याची ताटे १,०००, सुऱ्या २९, सोन्याचे कटोरे ३०, रुप्याचे दुसऱ्या प्रतीचे कटोरे ४१०, इतर भांडी १,०००. आणि एकूण ५,४००.

तुम्ही बेरीज करून पाहा. मी वर्गातल्या मुलांना करायला लावली. ती २,४९९ येते. बाकीची भांडी कुठे गेली? अभ्यासक म्हणतात की हाताने नकला करताना आकडे चुकले असावेत, किंवा यादीत फक्त मुख्य भांडीच दिली असावीत. याच हकीकतीची दुसरी एक जुनी ग्रीक प्रत आहे. तिच्यात आकडे वेगळे आहेत आणि त्यांची बेरीज बरोबर ५,४६९ जुळते. मला मात्र या यादीतली एक गोष्ट फार आवडते. ज्या क्षणाची लोकांनी दोन पिढ्या वाट पाहिली, त्या क्षणाचे वर्णन पवित्र लेखक गाण्याने किंवा भाषणाने करत नाही. तो सामानाची यादी देतो.

आमच्या बेळगावकडे पूर्वी लग्नकार्यासाठी भांडी भाड्याने आणायची रीत होती. घरातला एखादा शांत, विश्वासू माणूस त्या कामावर नेमलेला असे. हंडे, पराती, वाढप्याचे डाव तो मोजून घेई आणि कार्य उरकल्यावर मोजून परत देई. लग्नाच्या फोटोत तो कुठेच दिसत नसे, कारण फोटो काढताना तो मागे डाव मोजत बसलेला असे. शेशबस्सरची आणि आपली पहिली भेट अशीच होते. राजाच्या खजिनदारासमोर तो उभा आहे आणि एक एक भांडे मोजून घेतो आहे.

बाबेलहून यरुशलेमची वाट फरात नदीच्या काठाने वर जाऊन मग खाली उतरते. पुढे सुमारे ऐंशी वर्षांनी एज्रा याच वाटेने आला तेव्हा त्याला चार महिने लागले. त्याच्याजवळही मंदिराचे सोने-रुपे होते. निघताना ते याजकांना तोलून दिले आणि पोचल्यावर पुन्हा तोलून घेतले, असे त्याने लिहून ठेवले आहे. शेशबस्सरच्या प्रवासाचे असे वर्णन नाही. बंदिवान लोक बाबेलहून यरुशलेमला आले तेव्हा त्याने ती सगळी भांडी आणली, एवढे एकच वाक्य आहे.

हा होता कोण?

'शेशबस्सर' हे नाव हिब्रू नाही, बाबेली आहे. बाबेलच्या सूर्यदेवाने पित्याचे रक्षण करावे, असा त्याचा अर्थ पुष्कळ अभ्यासक लावतात. बंदिवासात जन्मलेल्या मुलांना अशी नावे असत. दानीएल आणि त्याच्या मित्रांनाही बाबेली नावे दिली होती, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्याच्या हाती जिवंत देवाच्या मंदिराची भांडी सोपवली गेली, त्याच्या नावात परक्या देवाचा उल्लेख असावा, याचे मला आधी नवल वाटले. पण देवाने त्याचे नाव बदलून मग काम दिले, असे काही पुस्तकात नाही. होता त्या नावानेच त्याने काम केले.

'यहूदाचा सरदार' या पदवीवरून तो राजघराण्यातला असावा, असे काहींना वाटते. १ इतिहास ३:१८ मध्ये बंदिवान राजाच्या मुलांत शेनस्सर असे नाव आहे. तोच हा, असे मत पूर्वी बरेच प्रचलित होते. आता अनेक अभ्यासकांना ही दोन नावे वेगळी वाटतात. काही जुन्या भाष्यकारांनी तर शेशबस्सर आणि जरुब्बाबेल ही एकाच माणसाची दोन नावे ठरवली. पण एज्राचे पुस्तक सरळ वाचले तर ते दोघे वेगळेच दिसतात.

राजघराण्याची मुले बाबेलात होती याला मात्र बायबलबाहेरही पुरावा आहे. बाबेलच्या राजवाड्याच्या अवशेषांत मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याची पाच मुले यांना कोठारातून दिलेल्या तेलाचा हिशेब आहे. म्हणजे या घराण्याची पुढची पिढी परक्याच्या शिध्यावर वाढली.

पाया घातला, आणि मग?

दुसऱ्या अध्यायात परत आलेल्यांची मोठी यादी आहे. एकंदर ४२,३६० लोक, शिवाय ७,३३७ दासदासी, आणि घोडे, खेचरे, उंट, गाढवे यांचीही मोजदाद. यादीच्या आरंभी पुढाऱ्यांची नावे आहेत: जरुब्बाबेल, येशूवा आणि इतर. शेशबस्सर नाही. तिसऱ्या अध्यायात वेदी उभी राहते आणि मंदिराचा पाया घातला जातो. तरुण लोक आनंदाने जयघोष करतात, आणि ज्या म्हाताऱ्यांनी पहिले मंदिर पाहिलेले असते ते हुंदके देऊन रडतात. आनंदाचा आवाज कोणता आणि रडण्याचा कोणता, हे ओळखू येईना, असे लेखक सांगतो. तिथेही नावे आहेत ती जरुब्बाबेल आणि येशूवा यांची. शेशबस्सर नाही.

मग आजूबाजूच्या लोकांचा विरोध सुरू झाला आणि काम थांबले. कोरेश इ.स.पू. ५३० मध्ये वारला. राजे बदलले. लोक आपापल्या शेतीत आणि घरात गुंतले. हाग्गय संदेष्ट्याने त्यांना पुढे खडसावलेच की तुमच्या घरांना लाकडी तक्तपोशी आहे आणि देवाचे घर ओसाड पडले आहे. ही सुमारे सोळा वर्षांची खोळंबा झालेली गोष्ट आहे. अर्धवट बांधकामावर गवत वाढलेले आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिले आहे. या काळात शेशबस्सर कधीतरी नाहीसा झाला. तो वारला, पदावरून गेला, की बाबेलला परतला, याचा एक शब्दही नाही.

इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय आणि जखऱ्या यांच्या संदेशाने लोक उठले आणि काम पुन्हा सुरू झाले. या वेळी पुढारी होते जरुब्बाबेल आणि येशूवा. जरुब्बाबेल दाविदाच्या वंशातला होता, आणि जखऱ्याने तर स्पष्ट म्हटले की त्याच्याच हातांनी पाया घातला आणि त्याचेच हात काम पुरे करतील.

इतिहासाने त्याचेच नाव ठेवले. संत मत्तय आणि संत लूक यांनी दिलेल्या प्रभू येशूच्या वंशावळींत जरुब्बाबेल आहे. बेन सिराच्या ग्रंथाच्या ४९व्या अध्यायात थोर पूर्वजांची स्तुती आहे. तिथेही जरुब्बाबेल, येशूवा आणि नहेम्या आहेत. शेशबस्सर कुठेच नाही. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. ज्या भांड्यांसाठी तो एवढे चालून आला, त्यांच्यावरही त्याचे नाव नव्हते.

त्याचे नाव कोणी घेतले?

इथे पुस्तक मिटले असते तर त्या मुलीला उत्तर देण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते. पण पाचव्या अध्यायात तो पुन्हा येतो, आणि ज्या रीतीने येतो ती पाहून मी खुर्चीत ताठ बसलो.

बांधकाम सुरू झाल्यावर ततनइ नावाचा अधिकारी चौकशीला आला. तो नदीपलीकडच्या, म्हणजे फरातच्या पश्चिमेकडच्या प्रांताचा सुभेदार. याचे नाव इ.स.पू. ५०२ च्या एका बाबेली पाटीवरही सापडले आहे. त्याने दोन गोष्टी विचारल्या. बांधायचा हुकूम कोणी दिला? आणि बांधणाऱ्यांची नावे काय? नावे लिहून राजाला कळवायची होती. असा प्रश्न कशासाठी असतो, हे सरकारी कचेरीत कधी उभे राहिलेल्या कोणालाही समजेल.

ततनइने दारयावेश राजाला पाठवलेले पत्र एज्राच्या पुस्तकात अरामी भाषेत जसेच्या तसे दिले आहे. यहूदी वडिलांचे उत्तर त्यातच आहे. ते आधी सांगतात की आम्ही स्वर्गाच्या आणि पृथ्वीच्या देवाचे सेवक आहोत. मग आपल्या पूर्वजांचे पाप कबूल करतात, मंदिर का पाडले गेले ते सांगतात, कोरेशाची परवानगी सांगतात. आणि मग म्हणतात की राजाने ती भांडी शेशबस्सर नावाच्या माणसाच्या हवाली केली, त्याला अधिपती नेमले होते. त्याने येऊन देवाच्या घराचा पाया घातला आणि तेव्हापासून काम चालू आहे, अजून पुरे झालेले नाही.

हे पत्र तुम्ही स्वतः काढून वाचा. नावे विचारली होती, पण या उत्तरात वडिलांनी आपल्या बाजूचे एकच नाव घेतले आहे, आणि ते शेशबस्सरचे आहे. जरुब्बाबेलचे नाव त्यात नाही. आणि जरुब्बाबेल त्या वेळी तिथेच होता. त्याच अध्यायाच्या आरंभी तो कामाला उठला असे लिहिले आहे. लोकांचा आवडता, दाविदाच्या वंशातला, संदेष्ट्यांनी गौरवलेला माणूस समोर उभा असताना वडिलांनी सोळा वर्षांमागच्या, विसरल्या गेलेल्या माणसाचे नाव घेतले. मूळ अरामी शब्द 'शेशबस्सर नावाचा कोणी एक' अशा ढंगाचे आहेत. म्हणजे ऐकणाऱ्याला हा माणूस माहीत नसणार, हे सांगणाऱ्यांना ठाऊक होते.

यात व्यवहारही होता, हे मी नाकारत नाही. शेशबस्सर कोरेशाचा नेमलेला माणूस होता. त्याचे नाव घेतले की परवानगीचा धागा थेट राजापर्यंत पोचत होता. पण खरे सांगितल्यानेच तो धागा पोचला. पाया आम्हीच घातला, असे सांगितले असते तर हुकूम दाखवा म्हटल्यावर त्यांच्या हातात काय होते?

राजाने जुने दप्तर शोधायला लावले. आधी बाबेलात शोध झाला. कागद मिळाला तो अखमथा येथील किल्ल्यात, म्हणजे आजच्या इराणमधल्या हमदानला. त्यात मंदिराची उंची-रुंदी होती, खर्च राजाच्या खजिन्यातून द्यावा असे होते, आणि नबुखद्नेस्सरने नेलेली सोन्यारुप्याची भांडी परत द्यावीत असेही होते. शेशबस्सरचे नाव तिथेही नव्हते. पण वडिलांनी सांगितलेली भांड्यांची गोष्ट दप्तराशी जुळली. दारयावेशाने काम चालू ठेवण्याचा आणि खर्च देण्याचा हुकूम केला. इ.स.पू. ५१५ मध्ये, अदार महिन्याच्या तिसऱ्या दिवशी मंदिर पुरे झाले. पाच शतकांनंतर शिमोनाने बाळ येशूला हातांत घेतले, ते याच जागी, हेरोद राजाने नव्याने वाढवलेल्या याच मंदिरात.

माझी वही

आता माझी चूक. अकरा वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातला हा वर्ग माझ्याकडे आला. माझ्या आधीच्या मास्तरांनी तो सव्वीस वर्षे चालवला होता. सोपवायच्या दिवशी ते एक पत्र्याची ट्रंक आणि शंभर पानी वही घेऊन आले. बायबलच्या प्रती ३४, गीतांची पुस्तके ४०, नाताळच्या गोठ्यातल्या मूर्ती १४. पुढे कंसात लिहिले होते, 'एका मेंढपाळाचा डावा हात तुटलेला.' ते म्हणाले, "एकदा मोजून घे, बाळ." मी घाईत होतो. न मोजताच सही केली.

पुढे आमच्या चर्चच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघाली. तिच्यात या वर्गावरचा लेख मी लिहिला आणि वर्गाची गोष्ट मी आलो त्या वर्षापासून सुरू केली. कोणी तसे सांगितले नव्हते. मुद्दाम नाव गाळले असेही नाही. पण त्यांची आठवण झाली नाही म्हणावे, तर ट्रंक त्याच खोलीत माझ्या पायाशी होती. लेख छापून आल्यावर मास्तर मिस्सानंतर भेटले. म्हणाले, "छान लिहिलंयस." मग जरा थांबून विचारले, "तो मेंढपाळ आहे का रे अजून?"

त्या वेळी मला ते म्हातारपणाचे बोलणे वाटले. एज्राचा पाचवा अध्याय वाचताना त्या प्रश्नाचा अर्थ कळला.

संत पॉल करिंथच्या मंडळीला सांगतो की पाया एक घालतो आणि त्यावर दुसरा बांधतो. आपण हे वाचतो तेव्हा बहुधा स्वतःला पाया घालणाऱ्याच्या जागी ठेवतो आणि आपले श्रम लोक विसरले म्हणून दुःख करतो. पण आपल्यापैकी बहुतेक जण दुसऱ्याने घातलेल्या पायावर उभे आहेत. यहूदी वडिलांना अडचणीच्या वेळी विचारले गेले आणि त्यांनी आपल्याआधीच्या माणसाचे नाव घेतले. मला तर कोणी अडचणीतही टाकले नव्हते.

गेल्या रविवारी मी ट्रंक उघडली आणि मुलांना सगळे मोजायला लावले. बायबलच्या प्रती ३१ भरल्या. मूर्ती १४च आहेत. मग नव्या वहीच्या पहिल्या पानावर मास्तरांचे नाव आणि त्यांची सव्वीस वर्षे लिहिली. त्या मुलीला म्हणालो, "शेशबस्सरचं पुढे काय झालं ते बायबल सांगत नाही. पण त्याच्यामागून आलेल्यांनी त्याचं नाव सांगितलं, म्हणून आपण आज ते वाचतो." ती म्हणाली, "मग मास्तरांना वही दाखवली का, सर?"

अजून नाही. ते आता फारसे घराबाहेर पडत नाहीत. या आठवड्यात मला त्यांच्याकडे जायचे आहे.

प्रार्थना: हे प्रभो, तुझ्या घरात जे आमच्या हाती आयते आले, ते कोणाच्या हातून आले याची आम्हाला आठवण राहू दे. जे सोपवले आहे ते मोजून सांभाळण्याची आणि वेळ आली की मोजून पुढे देण्याची बुद्धी दे. ज्यांची नावे आम्ही विसरलो, ती तुझ्यापाशी आहेत, म्हणून तुझे आभार मानतो. आमेन.